रक्ताचा सामू आणि खारपाणपट्ट्याचं पाणी

शरीरात साठलेलं आम्ल हेच बहुतेक रोगांचं मूळ आणि अल्कधर्मी पाणी हाच त्यावरचा उतारा, हे मत आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट इथल्या घराघरांत ते मोबाइलवरून पोचलं आहे. मागोमाग यंत्रं विकणारेही येतात. टेबलावर दोन पेले ठेवतात, एकात आरोचं पाणी आणि दुसऱ्यात यंत्राचं. दोन्हींत रंगद्रवाचे थेंब टाकले की पहिलं पिवळं पडतं, दुसरं निळं-जांभळं होतं. हे पिवळं पाणी तुम्ही रोज पिता, असं सांगितल्यावर समोरची बाई घाबरते, आणि तिचं घाबरणं समजण्यासारखं आहे. शिकलेली माणसंही या मताच्या बाजूने बोलतात. म्हणून त्याचा समाचार घेण्याआधी त्याची बाजू पुरती मांडणं भाग आहे.

पूर्वपक्ष असा. निरोगी रक्त किंचित अल्कधर्मी असतं. त्याचा सामू, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात तो, ७.३५ ते ७.४५ असतो. आजचा आहार आम्ल वाढवतो, त्यामुळे रक्त हळूहळू आम्लाकडे झुकतं. मग हाडातला चुना विरघळतो, सांधे धरतात, मूत्रपिंड थकतं आणि शेवटी कर्करोगाला जागा मिळते. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला याच शोधासाठी १९३१ साली नोबेल मिळालं. लिंबू आंबट असूनही पोटात गेल्यावर अल्कधर्मी होतं, हे तर निसर्गानेच दाखवून दिलं आहे. डॉक्टरसुद्धा मूत्रपिंडाच्या रुग्णाला सोड्याच्या गोळ्या देतात. आणि कुणाला पुरावा हवाच असेल तर लघवीत पट्टी बुडवावी, यंत्राचं पाणी प्यायल्यावर तिचा रंग बदलतो.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. सोड्याच्या गोळ्या दिल्या जातात हेही खरं. पट्टीचा रंगही बदलतो. मतभेद आहे तो या तीन खऱ्या गोष्टींवर उभ्या केलेल्या निष्कर्षाशी.

आधी हिशेब करू. सामू ९ असलेल्या शुद्ध पाण्याच्या एका लिटरात अल्क किती असतं? एका मिलिमोलचा शंभरावा भाग. जठरातला रस सामू दीडच्या आसपास असतो. त्याचे सहा-सात थेंब हे सगळं अल्क संपवून टाकतात. जठरात रोज लिटर-दीड लिटर रस तयार होतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे यंत्राच्या पाण्याचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. समजा जठर मध्ये नाहीच. प्रथिनांच्या पचनातून आपल्या शरीरात रोज साठ-सत्तर मिलिमोल आम्ल तयार होतं, जे श्वासावाटे जाऊ शकत नाही. तेवढं आम्ल अशा पाण्याने मारायचं तर दिवसाला सहा-सात हजार लिटर पाणी प्यावं लागेल. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर साधारण तेवढाच असतो.

आरोचं पाणी पिवळं का पडलं, याचंही उत्तर सोपं आहे. आरोच्या पडद्यातून गेलेल्या पाण्यात क्षार फारसे उरत नाहीत, त्यांच्याबरोबर बायकार्बोनेटही जातं. मग हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी त्याचा सामू सहाच्या आसपास उतरतो. आकाशातून पडणाऱ्या स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामूही साडेपाचच्या आसपासच असतो. त्या पाण्यातलं आम्ल इतकं थोडं असतं की रक्ताला त्याची चाहूलही लागत नाही.

मूर्तिजापूरच्या माणसाला हा युक्तिवाद आणखी एका बाजूने तपासता येतो, आणि ती बाजू इथेच उपलब्ध आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. सुमारे नऊशे गावं त्यात येतात. या गाळाच्या जमिनीत खाली मुरलेल्या पाण्यात मीठ आहे, सोडियम आहे, आणि बायकार्बोनेटही आहे. म्हणजे विहिरीचं आणि बोअरचं पाणी निसर्गतःच अल्कधर्मी आहे. एका लिटरात ५०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलं, आणि असं पाणी या पट्ट्यात नवलाचं नाही, तर त्यात आठ मिलिमोल अल्क झालं. यंत्राच्या पाण्याच्या आठशेपट. अल्कधर्मी पाण्याने रोग पळत असते तर पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी पिणाऱ्या गावांत मुतखडा, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आजार शोधूनही सापडले नसते. प्रत्यक्षात मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार याच पट्ट्यातले लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणाचं गोडं पाणी आपल्यापर्यंत यावं म्हणून त्यांनी हट्ट धरला आहे. त्यांचा हट्ट बरोबर आहे.

शेतीचं उदाहरणही जवळचंच आहे. इथला शेतकरी माती तपासायला देतो, अहवालात सामू साडेआठच्या वर आला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. सोडियमने चिकट झालेली ही चोपण जमीन पावसात पाणी मुरू देत नाही आणि वाळली की दगडासारखी होते. तिला जिप्सम घालून सोडियम हटवावं लागतं. अल्क म्हणजे चांगलं आणि आम्ल म्हणजे वाईट, अशी सरळ वाटणी मातीतही नाही आणि शरीरात तर नाहीच. हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतात रात्री धुतलेलं फडकं पसरून सकाळी ते पिळून आंब काढणारी आणि पोट दुखलं की ती आंब पाण्यातून देणारी म्हातारी माणसं वऱ्हाडात होती. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. आम्लाची इतकी धास्ती त्यांना कधी वाटली नव्हती.

आता खऱ्या यंत्रणेकडे येऊ, कारण खंडन करताना तिथे काय आहे ते सांगितलं नाही तर माणूस मोकळ्या जागी जुनंच मत पुन्हा ठेवतो. रक्ताच्या एका लिटरात हायड्रोजन आयन फक्त ४० नॅनोमोल असतात. सोडियम त्याच्या पस्तीस लाखपट असतं. इतकी सूक्ष्म मात्रा शरीर जन्मभर जवळजवळ स्थिर ठेवतं. सामू ६.८च्या खाली किंवा ७.८च्या वर गेला की जगणं जवळजवळ अशक्य होतं. पेशी अन्न जाळतात त्यातून रोज १५,००० मिलिमोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, वजनात साडेसहाशे ग्रॅम. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतो. हे आम्लाचं खरं मोठं ओझं, आणि ते फुप्फुसं हवेत टाकून देतात. श्वास काही मिनिटं थांबला तर रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. तेवढ्या वेळात कोणत्याही आहाराने ते होऊ शकत नाही.

जे आम्ल वायू होऊन जात नाही, ते मूत्रपिंडाच्या वाट्याला येतं. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. त्यात सुमारे ४,३०० मिलिमोल बायकार्बोनेट असतं. खाण्याच्या सोड्याच्या वजनात सांगायचं तर ३६० ग्रॅम. हे सगळं ती परत रक्तात घेतात, त्यातलं बरंचसं नळीच्या पहिल्याच भागात. त्यावर आणखी, अमोनिया तयार करून त्याच्या पाठीवर आम्ल लघवीत पाठवतात आणि जितकं आम्ल गेलं तितकं नवं बायकार्बोनेट रक्ताला देतात. हे काम संथ चालतं, दोन-तीन दिवस लागतात. एका बाजूला क्षणाक्षणाला बदलणारा श्वास, दुसऱ्या बाजूला दिवसांच्या चालीने चालणारं मूत्रपिंड. १९०८ साली लॉरेन्स हेंडरसनने कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेटचं हे नातं समीकरणात मांडलं, १९१६ साली हॅसलबाल्कने त्याला सामूच्या भाषेत बसवलं, आणि आजही अतिदक्षता विभागात रक्तवायूचा अहवाल याच समीकरणावर वाचला जातो.

जास्तीचं अल्क आत गेलं तर हेच मूत्रपिंड ते लघवीवाटे सोडून देतं. म्हणून पट्टीचा रंग बदलतो. ज्याच्या लघवीचा सामू पाच आहे, त्याचं मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकण्याचं आपलं काम नेमकं करतं आहे. याची उलट बाजू तर विक्रेत्याच्या पट्टीला पूर्ण खोटं पाडते. मूत्रपिंडाच्या नळीचा एक आजार आहे, ज्यात नळीचा शेवटचा भाग आम्ल सोडू शकत नाही. अशा रुग्णाचं रक्त आम्लधर्मी असतं, हाडं दुबळी होतात, पोटॅशियम घसरतं, मुतखडे होतात, आणि लघवीची पट्टी मात्र सतत अल्कधर्मी रंग दाखवते. विक्रेत्याच्या नियमाने तो माणूस गावातला सगळ्यांत निरोगी ठरेल.

एका आकड्यावरून आम्ल-अल्काचा तोल ठरवण्याची चूक मोठ्या डॉक्टरांनीही केली आहे, आणि ती दुरुस्त झाली त्यातून आजचं अतिदक्षता शास्त्र जन्माला आलं. १९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेलं दिसे. डॉक्टर म्हणत, हे रक्त अल्कधर्मी झालं आहे, कारण कळत नाही. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी हे मत नाकारलं. रुग्णांचा श्वास अपुरा पडतो आहे, कार्बन डायऑक्साइड आत साठतो आहे, रक्त आम्लधर्मी आहे, आणि वाढलेलं बायकार्बोनेट ही शरीराची त्यावरची धडपड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या घशात भोक पाडायला लावून त्यांनी हाताने पिशवी दाबून श्वास दिला, आणि ती वाचली. रक्ताचा सामू प्रत्यक्ष मोजल्यावर इब्सेन खरे ठरले. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. बायकार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड आणि सामू हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय तोल कुठे ढळला ते कळत नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. लघवीत बुडवलेल्या पट्टीला यातलं काहीच दिसत नाही. फवारणीत विषबाधा झालेला वऱ्हाडातला शेतमजूर दवाखान्यात येतो, त्याच्या श्वासाचे स्नायू दुबळे पडत असतात, तेव्हा त्याच्याही रक्तात हाच वायू साठत असतो. त्याला लागतो तो वेळेवर श्वास.

वॉरबर्गचं नाव घेणाऱ्यांनी नोबेलचा निवाडा एकदा पाहावा. १९३१चं पारितोषिक श्वसनाच्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल होतं. कर्करोगाविषयीचं त्याचं निरीक्षण वेगळं आणि आधीचं, १९२०च्या दशकातलं. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल तयार करतात, असं त्याला दिसलं. गाठीभोवती आम्ल असतं ते गाठ करते म्हणून. आम्लामुळे गाठ होते असं म्हणणं म्हणजे धुरामुळे आग लागली म्हणण्यासारखं आहे. आणि रक्ताचा सामू गाठीला मारता येईल इतका बदलायचा झाला, तर गाठीआधी रोगी जाईल.

लिंबाविषयी अर्धं सत्य सांगितलं जातं. लिंबातलं सायट्रिक आम्ल यकृतात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, मागे काही उरत नाही. सायट्रेट जेव्हा पोटॅशियमबरोबर क्षाररूपात असतं तेव्हा मात्र ते जळल्यावर बायकार्बोनेट उरतं. फळं-भाज्या अल्काकडे झुकतात ते यामुळे. निरोगी माणसात तेवढं अल्क लघवीत जातं. रक्त होतं तिथेच राहतं.

आता मंडन. कारण आम्ल-अल्काचा तोल खरोखर ढळतो, आणि ढळला की माणूस तासांत दगावू शकतो.

पटकी हे त्याचं सगळ्यांत जुनं आणि आपल्याला ओळखीचं उदाहरण. पटकीत आतड्यातून पाण्याबरोबर बायकार्बोनेट वाहून जातं, मोठ्या माणसात कधी तासाला लिटरभर जुलाब होतो. १८३१-३२ साली इंग्लंडमध्ये साथ आली तेव्हा विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी, मीठ आणि अल्क कमी झालं आहे. त्याच्या आधारे १८३२च्या मे महिन्यात थॉमस लट्टाने स्कॉटलंडमध्ये रुग्णांच्या शिरेत खारं द्रावण सोडलं. ओ'शॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातली तार उभी करणारा म्हणून जास्त ओळखला गेला. त्याचं ते पहिलं काम मात्र कितीतरी दशकं जवळजवळ पडून राहिलं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं द्रावण संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते तोंडाने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासून चारच्या खाली आलं. त्या अडीच ग्रॅम सोड्याने जे केलं ते अल्कलाइन यंत्राच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठं आहे, कारण तिथे अल्क खरोखर हरवलं होतं. आजच्या पुडीत सोड्याच्या जागी सायट्रेट असतं, ते टिकतं जास्त. पुडी उपकेंद्रात फुकट मिळते, आणि तरी २०२२च्या जुलैत मेळघाटात चिखलदरा तालुक्यात पटकीने माणसं गेली. विहिरीचं पाणी दूषित होतं. दापुरीला, याच मूर्तिजापूर तालुक्यात मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले आणि देवापुढे बकरं कापण्यापेक्षा गाव झाडा म्हणून कीर्तनात सांगत राहिले. रक्तातलं अल्क राखण्याचा उपाय म्हणून मला ते कीर्तन यंत्रापेक्षा फार वरचं वाटतं.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार हे दुसरं उदाहरण. मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटली की अमोनिया पुरेसा तयार होत नाही, रक्तातलं बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोलवरून २२च्या खाली उतरतं. तेव्हा डॉक्टर रक्त तपासून, मोजून सोड्याच्या गोळ्या देतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये डोनाल्ड वेसन आणि निमृत गोराया यांनी अशा रुग्णांना फळं-भाज्या देऊनही आम्लाचं ओझं घटतं हे दाखवलं. पूर्वपक्षाला एवढं श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं. पण अशा रुग्णात फळांतलं पोटॅशियम साठून हृदय थांबू शकतं, म्हणून तिथेही रक्ताचा अहवाल हातात घेऊनच पुढे जावं लागतं. मुतखड्याचंही तसंच. युरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी केल्यावर विरघळतो, आणि कॅल्शियम फॉस्फेटचा खडा त्याच लघवीत वाढतो. खडा कशाचा आहे हे न पाहता सोडा पिणारा माणूस अंधारात पाऊल टाकतो.

खारपाणपट्ट्यात या अंधाराची किंमत जास्त आहे. चहाच्या एका चमचाभर सोड्यात, पाच ग्रॅम धरला तर, जवळजवळ १.४ ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ज्याचं पिण्याचं पाणी आधीच खारं, भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचं, रक्तदाब कधी मोजलेला नाही, त्याने सकाळी अनशापोटी सोडा घेणं म्हणजे दुखऱ्या मूत्रपिंडावर आणखी ओझं. आणि पिवळ्या पेल्याच्या भीतीने त्याने आरोचं पाणी सोडून पुन्हा बोअरचं धरलं, तर नुकसान दुप्पट. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, दुसरं पाणीच नसेल तर २,०००पर्यंत. पाण्याविषयी विचारायचा प्रश्न हा आहे. सामू ६.५ ते ८.५मध्ये असला की पुरे.

यंत्राचं पाणी पिऊन बरं वाटतं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. यंत्र घेतल्यावर ती दिवसाला तीन लिटर पाणी पिऊ लागतात, चहा कमी करतात, तळलेलं सोडतात. एवढ्यानेही पित्त शमतं आणि खडा पुढे सरकतो. जठराची जळजळ मात्र जठरातच असते, तिचा रक्ताच्या सामूशी संबंध नाही. उलट जठर जितकं आम्ल आत सोडतं तितकं बायकार्बोनेट त्याच वेळी रक्तात जातं.

धोका आहे तो बरं वाटल्यावर औषध सोडणाऱ्यांना. अमेरिकेत रॉबर्ट यंग याने आम्लाच्या याच सिद्धान्तावर पुस्तकं विकली, रुग्णांच्या शिरेत सोडा चढवला. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल २०१६ साली त्याला दोषी ठरवलं गेलं, आणि २०१८ साली ज्यूरीने त्याच्या भरवशावर उपचार टाळलेल्या एका स्तनकर्करोगाच्या रुग्ण महिलेला साडेदहा कोटी डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. आपल्याकडे जास्त भीती इन्सुलिन घेणाऱ्या मुलांची आहे. इन्सुलिन दोन दिवस बंद झालं की यकृत चरबी मोडून कीटोआम्लं करू लागतं, आणि ती इतक्या वेगाने साठतात की मूत्रपिंडाचा पाड लागत नाही. मग फुप्फुसं एकटी झुंजतात. पोर खोल, जोरजोराने, न थांबता श्वास घेतं. अडॉल्फ कुसमॉल याने हा श्वास १८७४ साली वर्णिला. छाती तपासली तर साफ असते, म्हणून घरचे दमा समजतात, कुणी बाधा समजतं. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, पोट दुखतं, उलट्या होतात, लघवी वारंवार होते. असं मूल दिसलं की लिंबूपाण्यात आणि सोड्यात घटकाही न घालवता ते मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावं, आणि दारातच सांगावं की याची साखर आधी तपासा.